एक कोटी म्हणजे दहा अंगारी : राष्ट्रीय उद्यानासाठी कायम निधी कसा उभारावा

राष्ट्रीय उद्यानांना देणग्या मिळतात, पण बहुतेक वस्तूंच्या रूपात. गस्तीची गाडी, टॉर्च, रेनकोट, सौर पंप, प्रवेशद्वाराची कमान. तिसऱ्या वर्षी गाडीला टायर लागतात, वीज पडून पंपाचा कंट्रोलर जळतो, आणि तोवर देणगीदाराचे लक्ष दुसरीकडे गेलेले असते. जंगलाला खरी चणचण भासते ती दरवर्षी, त्याच महिन्यांत, न चुकता येणाऱ्या खर्चांची. कायम निधी त्यासाठीच असतो. मुद्दलाला हात लावायचा नाही, उत्पन्न खर्चायचे. भूतानने १९९१ मध्ये याच तत्त्वावर पर्यावरण संवर्धनाचा न्यास काढला. या प्रकारचा तो जगातला पहिला मानला जातो.

आपल्याकडेही ही कल्पना जुनीच आहे. शाळेत कुणाच्या तरी स्मरणार्थ ठेवलेली कायम ठेव आणि तिच्या व्याजातून पहिल्या आलेल्या मुलाला बक्षीस, हे सगळ्यांनी पाहिले आहे. पन्नास वर्षांपूर्वीच्या ५०० रुपयांच्या ठेवीवर ७ टक्क्यांनी आज ३५ रुपये मिळतात. त्यात धड वहीसुद्धा येत नाही. जंगलासाठीच्या निधीची हीच गत होऊ शकते, म्हणून सुरुवात आकड्यांपासून करू.

आधी हिशेब

एक कोटी रुपये ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ७ लाख येतात. धर्मादाय न्यासाला करमाफी हवी असेल तर वर्षाच्या उत्पन्नातले किमान ८५ टक्के उद्दिष्टांवर खर्च करावे लागतात. उरलेले १५ टक्के कायम राखून ठेवता येतात. म्हणजे खर्चाला ५ लाख ९५ हजार आणि मुद्दलात भर १ लाख ५ हजार.

आता जंगलाच्या बाजूने पाहू. महाराष्ट्रात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून धरला जातो. या चार महिन्यांत आगीवर नजर ठेवायला गावातली माणसे रोजाने घेतात. विदर्भात त्यांना अंगारी म्हणतात. रोज ५०० रुपये धरला तर दहा अंगाऱ्यांचे १२० दिवसांचे ६ लाख होतात. म्हणजे एक कोटीच्या कायम निधीतून साधारण दहा अंगारी एक हंगाम उभे राहतात. हा रोज केवळ हिशेबासाठी धरला आहे, चालू किमान वेतनाचा दर तिथल्या वनपरिक्षेत्र कार्यालयातून घ्यावा. देणगीदारांसमोर ठेवायचा आकडा मात्र हाच, ‘वाघ वाचवा’ नव्हे. त्याने अपेक्षाही ताळ्यावर राहतात.

पुढची गोष्ट कोणी सांगत नाही. महागाई ५ टक्के धरा. मुद्दल वर्षाला फक्त १.०५ टक्क्यांनी वाढते आहे. या वेगाने निधीची क्रयशक्ती साधारण १८ वर्षांत निम्मी होते. आज दहा अंगारी, अठरा वर्षांनी पाच. सगळेच व्याज खर्चले तर हे १४ वर्षांतच घडते. कागदावर मात्र मुद्दल शाबूत दिसते, त्यामुळे वार्षिक सभेत कोणालाच काही खटकत नाही.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही एकदम करावे लागतात. पहिला उपाय म्हणजे दरवर्षी मुद्दलात नवी भर. वरच्या आकड्यांत एक कोटीमागे वर्षाला ३ लाख ९५ हजारांची नवी देणगी आली तर निधी महागाईबरोबर चालतो. ‘एकदा दिले की संपले’ अशी रचना न करता वीस-पंचवीस जणांकडून दरवर्षी १५-२० हजारांचे वचन सुरुवातीलाच लेखी घ्यावे. दुसरा उपाय म्हणजे मुद्दलाचा एक भाग वाढणाऱ्या साधनांत ठेवणे. त्याच्या अटी गुंतवणुकीच्या भागात आहेत.

पैसा कोणाच्या हाती

वनखात्याला थेट पैसे देण्याचा मोह टाळा. सरकारकडे जमा झालेला पैसा तिजोरीत जातो आणि तिथून अर्थसंकल्पाच्या वाटेनेच बाहेर येतो. त्याला अमुक उद्यान, अमुक काम असे नाव लावून ठेवणे अवघड असते. हीच अडचण ओळखून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात २००६ च्या दुरुस्तीने कलम ३८एक्स आले आणि प्रत्येक व्याघ्र प्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद झाली. प्रवेशशुल्काचा पैसा त्याच प्रकल्पात फिरवणे आणि बाहेरून आर्थिक पाठबळ मिळवणे, ही दोन्ही कामे कायद्यानेच प्रतिष्ठानाला दिली आहेत.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा: ताडोबा, पेंच, गुगामल, नवेगाव, चांदोली आणि संजय गांधी. यांतली पहिली पाच कोणत्या ना कोणत्या व्याघ्र प्रकल्पात येतात (गुगामल मेळघाटात, चांदोली सह्याद्रीत), त्यामुळे तिथे प्रतिष्ठानाचा दरवाजा आहे. मुंबईच्या संजय गांधी उद्यानाला कलम ३८एक्सचा हा मार्ग लागू होत नाही. तिथली प्राणी दत्तक योजना पिंजऱ्यातल्या प्राण्यांच्या देखभालीसाठी आहे. तो वर्षाचा खर्च असतो, कायम निधी नव्हे.

मार्ग तीन आहेत.

पहिला, प्रतिष्ठानाला कायम निधी म्हणून देणगी. प्रशासनाचा वेगळा खर्च नाही, कामाची परवानगी घरातलीच. पण कारभार अधिकाऱ्यांच्या हाती असतो आणि अधिकारी बदलतात. क्षेत्र संचालक बदलला की प्राधान्यक्रमही बदलू शकतो. देण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागा: आयकराची १२एबी (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करवजावट) प्रमाणपत्रे, मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, आणि तुमची रक्कम ताळेबंदात वेगळ्या नावाच्या निधीत दिसेल याचे पत्र. तिसरे मिळत नसेल तर थांबा. पर्यटनाच्या कोट्यवधींच्या उत्पन्नात तुमचे दहा लाख मिसळले की पुढे ते कोणालाच ओळखता येणार नाहीत.

दुसरा, त्या उद्यानात आधीपासून काम करणाऱ्या संस्थेकडे नामनिर्देशित निधी ठेवणे. २५ लाखांच्या आतल्या रकमेला बहुतेक वेळा हाच मार्ग योग्य. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या (स्थापना १८८३) जुन्या संस्थांना असे निधी सांभाळण्याची सवय असते. संस्था व्यवस्थापनासाठी उत्पन्नातले किती टक्के कापते ते आधी विचारा. दहाच्या आसपास रास्त, वीसच्या वर गेले तर कारण विचारावे.

तिसरा, स्वतःचा न्यास. यात अधिकार सगळे हाती येतात, पण कटकटीही येतात. लेखापरीक्षण, विवरणपत्रे, सीएची फी यांवर वर्षाला ५० हजार धरले, तर २५ लाखांवरच्या पावणेदोन लाख व्याजातले जवळजवळ २९ टक्के त्यातच संपतात. एक कोटीवर तेच प्रमाण ७ टक्क्यांवर येते. म्हणून एक कोटी हाती किंवा नजरेच्या टप्प्यात नसेल तर न्यास काढू नये.

स्वतःच्या न्यासात आणखी एक गोम आहे आणि ती अनेक सीएंच्याही नजरेतून सुटते. १ एप्रिल २०२३ पासून एका करमाफ न्यासाने दुसऱ्या करमाफ न्यासाला दिलेल्या देणगीतले ८५ टक्केच ‘खर्च’ म्हणून धरले जातात. तुमचा न्यास कमावलेले व्याज नुसते प्रतिष्ठानाकडे पुढे पाठवत असेल, तर ८५ टक्क्यांची अट पुरी करायला १०० टक्के उत्पन्न पाठवावे लागते. मुद्दलात भर घालायला काहीच उरत नाही. आणि दुसऱ्या न्यासाच्या मुद्दलात दिलेली देणगी तर खर्चात धरलीच जात नाही. केवळ पोस्टमनचे काम करायचे असेल तर न्यास न काढता रक्कम थेट काम करणाऱ्या संस्थेकडे द्या. न्यास काढायचा तर कामाचे पैसे स्वतः खर्च करा.

विश्वस्तपत्र : उद्दिष्टाचे कलम दहा वेळा वाचा

उद्दिष्ट फार अरुंद लिहिणे ही सगळ्यांत महाग पडणारी चूक. ‘उन्हाळ्यात टँकरने पाणवठे भरणे’ असे लिहिले आणि पाच वर्षांत सगळीकडे सौर पंप बसले, तर पैसा अडकतो. हेतू बदलायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ५५ खाली न्यायालयापर्यंत जावे लागते. उलट ‘पर्यावरण संवर्धन’ एवढेच लिहिले तर पुढचे विश्वस्त शहरात वृक्षारोपणाचे कार्यक्रम करत बसतील. उतरत्या क्रमाने लिहिणे हा मधला मार्ग, साधारण असा:

‘न्यासाचे उत्पन्न ताडोबा राष्ट्रीय उद्यान व त्यास लागून असलेल्या वनक्षेत्रातील वणवा प्रतिबंधासाठी प्राधान्याने वापरावे. त्याची गरज उरली नसल्यास किंवा ते शक्य नसल्यास त्याच क्षेत्रातील अधिवास सुधारणा व वनसंरक्षणासाठी, आणि तेही शक्य नसल्यास महाराष्ट्रातील अन्य राष्ट्रीय उद्यानातील तशाच कामांसाठी वापरावे. उद्यानाचे नाव, सीमा वा कायदेशीर दर्जा बदलल्यास हा न्यास त्याच भूभागास लागू राहील.’

शेवटचे वाक्य शोभेचे नाही. मुंबईचे उद्यान आधी कृष्णगिरी, मग बोरिवली आणि नंतर संजय गांधी झाले. ताडोबा १९५५ मध्ये ११६.५५ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य आले आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. न्यासाचे आयुष्य कागदावरच्या नावांपेक्षा लांब असावे लागते.

विश्वस्त पाच किंवा सात, विषम संख्येत. त्यांत एक सीए, वनस्पती किंवा वन्यजीवांचा एक अभ्यासक, एक निवृत्त वनाधिकारी आणि बफर क्षेत्रातल्या गावातली किमान एक व्यक्ती असावी. सेवेतल्या अधिकाऱ्याला विश्वस्त करू नये, निमंत्रित म्हणून बोलवावे. मुदत पाच वर्षांची, सलग दोनच वेळा. एकाच घरातले दोनपेक्षा जास्त विश्वस्त नकोत, अगदी देणगीदाराचे घर असले तरी. न्यासाच्या पैशाने विश्वस्तांच्या पाहुण्यांची सफारी घडली तर ती नुसती लाजिरवाणी नव्हे, आयकराच्या कलम १३ खाली करमाफीवर गदा आणणारी गोष्ट आहे.

मुद्दलाचे कलम वेगळे लिहा: मुद्दल खर्च करता येणार नाही, तारण ठेवता येणार नाही. अपवाद ठेवायचाच तर चार पंचमांश विश्वस्तांच्या ठरावाने १० टक्क्यांपर्यंत, आणि पाच वर्षांत ते परत भरायचे बंधन. विसर्जनाच्या कलमात शिल्लक मालमत्ता समान उद्दिष्टाच्या नोंदणीकृत संस्थेकडेच जाईल असे लिहिले नाही तर ८०जीचा अर्ज अडतो.

नोंदणी आणि कराचे कागद

न्यास स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत सहायक धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तव्यवस्था अधिनियमाच्या, म्हणजे धर्मादाय कायद्याच्या, कलम १८ खाली अर्ज करायचा. नोंदणी क्रमांक आल्यावर पॅन, बँक खाते आणि मग आयकराची नोंदणी. आयकराची कलमे इथे सगळ्यांच्या तोंडात बसलेल्या जुन्या क्रमांकांनी दिली आहेत. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू असल्याने अर्जांवर नवे क्रमांक लागतील.

नव्या न्यासाला १२एबी आणि ८०जीची नोंदणी आधी तीन वर्षांसाठी तात्पुरती मिळते. काम सुरू झाल्यावर ती नियमित करून घ्यायची, नंतर मुदतीआधी नूतनीकरण करायचे. ही तारीख चुकणे कायम निधीला जीवघेणे ठरू शकते. २०२३ च्या दुरुस्तीने, वेळेत अर्ज न करणाऱ्या न्यासावर कलम ११५टीडी लागू होऊ शकते. त्यात एका वर्षाच्या व्याजावर नव्हे, तर न्यासाच्या निव्वळ मालमत्तेवर कमाल दराने कर बसतो. उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, पण त्या भरवशावर राहू नका. नूतनीकरणाची तारीख एका नव्हे, तीन विश्वस्तांच्या दिनदर्शिकेत हवी.

प्रत्येक मोठ्या देणगीसोबत देणगीदाराचे सहीचे पत्र घ्या: ‘ही रक्कम न्यासाच्या कायम निधीत, म्हणजे कॉर्पसमध्ये जमा करावी.’ पावतीवरही तेच शब्द. हे पत्र नसेल तर रक्कम त्या वर्षाचे साधे उत्पन्न ठरते आणि तिच्यातले ८५ टक्के खर्चण्याचा तगादा मागे लागतो. पत्र मागाहून तयार केलेले चालत नाही, तपासणीत तारखा पाहतात. कायम निधीसाठी बँक खातेही वेगळे ठेवावे.

देणगीदाराच्या बाजूने: ८०जीची वजावट बहुधा देणगीच्या ५० टक्के असते, तीही समायोजित ढोबळ उत्पन्नाच्या १० टक्के मर्यादेत. उत्पन्न २० लाख आणि देणगी ५ लाख असेल तर हिशेबात २ लाखच धरले जातात आणि वजावट १ लाखाची मिळते. म्हणून मोठी रक्कम ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना विभागून द्यावी. २००० रुपयांवरची रोख देणगी वजावटीला चालत नाही. नव्या करप्रणालीत तर ८०जी मिळतच नाही. देणगी मागताना हे स्पष्ट सांगा, नाहीतर जुलैत विवरणपत्र भरताना फोन येतात. न्यासाने देणग्यांचे १०बीडी विवरण ३१ मेपर्यंत भरायचे आणि त्यातून निघणारे १०बीई प्रमाणपत्र देणगीदाराला पाठवायचे. पावती असली तरी या प्रमाणपत्राशिवाय वजावट अडते.

कंपन्या आणि परदेशातली माणसे

सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक जबाबदारी म्हणून खर्चायचा, पैसा कायम निधीत घेता येत नाही. २२ जानेवारी २०२१ च्या नियमांनंतर कॉर्पसमध्ये दिलेली रक्कम सीएसआर खर्च म्हणून धरली जात नाही. कंपनीच्या माणसाला हे माहीत नसेल तर तुम्हीच सांगा, नंतर पैसे परत मागण्याची वेळ येते. तरी कंपन्या उपयोगी पडतातच: सौर पंप, वायरलेस संच, संरक्षण कुटी असा एकदाच होणारा खर्च त्यांनी करावा आणि दुरुस्ती-देखभाल कायम निधीने उचलावी. ही जोडी फार चांगली जमते, कारण कंपन्यांना देखभाल नको असते आणि निधीला यंत्रखरेदी परवडत नाही. त्यासाठी न्यासाची सीएसआर-१ नोंदणी लागते.

परदेशातल्या मराठी माणसांच्या बाबतीत पासपोर्ट पाहायचा, पत्ता नाही. भारतीय पासपोर्ट असलेल्याने नेहमीच्या बँक मार्गाने पाठवलेली रक्कम परकीय योगदान ठरत नाही. ओसीआय कार्डधारकाची (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळ भारतीयाची) मात्र ठरते, मग तो दादरलाच जन्मलेला असो. ती घ्यायची तर परकीय योगदानाच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी हवी आणि तिला साधारणपणे तीन वर्षांचे अस्तित्व व त्या काळात उद्दिष्टांवर १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ही रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. नव्या न्यासाने या वाटेला जाऊच नये. अशा देणगीदारांना एफसीआरए असलेल्या जुन्या संस्थेचे नाव सुचवावे.

गुंतवणूक

दोन कायदे एकाच वेळी पाळायचे आहेत. आयकराच्या कलम ११(५) मध्ये परवानगीची साधने दिली आहेत आणि नियमांनुसार म्युच्युअल फंडाचे युनिटही त्यात बसतात. धर्मादाय कायद्याचे कलम ३५ त्याहून कडक आहे, भर सरकारी रोखे आणि बँक ठेवींवर. त्याबाहेर जायचे तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायची. ती आधी घ्या, गुंतवणूक नंतर.

परवानगी मिळेपर्यंत सगळे सरकारी रोखे आणि मोठ्या बँकांच्या ठेवींत ठेवावे. दीर्घ मुदतीचे रोखे न्यासालाही बँकेमार्फत लिलावातल्या अस्पर्धात्मक बोलीने घेता येतात. व्याजदर वीस-तीस वर्षांसाठी बांधला जातो आणि व्याज दर सहा महिन्यांनी येते. मुदतीपूर्वी विकायची वेळ आली तर मात्र भाव पडलेला असू शकतो. परवानगी मिळाल्यावर मुद्दलाचा साधारण तिसरा हिस्सा शेअर बाजाराच्या निर्देशांकाप्रमाणे चालणाऱ्या निर्देशांक फंडात ठेवणे आम्हाला योग्य वाटते. भांडवली नफा पुन्हा भांडवली मालमत्तेत गुंतवला तर तो खर्च झाला असे मानण्याची तरतूद ११(१ए) मध्ये आहे, आणि महागाईला तोंड देण्याचा हाच कायदेशीर रस्ता. नव्या अधिनियमातली याची शब्दरचना सीएने वाचल्याशिवाय पाऊल टाकू नये.

अर्धा टक्का जास्त मिळतो म्हणून गावातल्या सहकारी बँकेत सगळे पैसे ठेवणे हा आपल्याकडचा जुना रोग. ठेव विम्याची मर्यादा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांची आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा संस्थांच्या ठेवीही अडकल्या होत्या.

बँक व्याजावर टीडीएस कापते. परतावा मिळतो, पण वर्षाने. आयकराकडून कलम १९७ चे कमी किंवा शून्य कपातीचे प्रमाणपत्र दरवर्षी वेळेत घेतले तर अंगाऱ्यांचे पैसे अडकत नाहीत.

कशावर खर्चावे

एकच कसोटी: हे काम एक वर्ष चुकले तर आधीचे वाया जाते का? उत्तर ‘हो’ असेल तर ते कायम निधीचे काम.

घाणेरीचे निर्मूलन हे याचे उत्तम उदाहरण. वरून कापली की ती दुप्पट फुटते. जमिनीखाली मुळाच्या गळ्याशी तोडून झुडूप उलटे टाकावे लागते. आणि तेवढ्यानेही भागत नाही. फळे खाणारे पक्षी ज्या झाडांवर बसतात त्यांच्या खाली पुढच्या पावसाळ्यांत रोपे उगवतात, ती किमान तीन वर्षे उपटावी लागतात, शिवाय मोकळ्या जागेत स्थानिक गवत लावावे लागते. सरकारी काम एका वर्षाच्या तरतुदीवर चालते, त्यामुळे पहिली तोडणी होते आणि पाठपुरावा राहतो. निधीने नवे क्षेत्र हाती न घेता खात्याने आधीच साफ केलेल्या कुरणांचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा पाठपुरावा घ्यावा. तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त जमीन वाचते.

वणव्याचे काम दुसरे, आणि तिथे निधीची खरी ताकद वेळेची आहे. आर्थिक वर्ष १ एप्रिलला बदलते, म्हणजे वणव्याच्या हंगामाच्या ऐन मध्यावर. नव्या वर्षाची तरतूद हाती यायला अनेकदा वेळ लागतो, आणि एप्रिल-मे हेच सगळ्यांत वाईट महिने. म्हणून ठेवींच्या आणि रोख्यांच्या व्याजाच्या तारखा जानेवारी ते मार्चमध्ये येतील अशा लावा. जाळरेषा, म्हणजे आग अडवायला आधीच जाळून मोकळे केलेले पट्टे, १५ फेब्रुवारीपूर्वी पुऱ्या व्हायला हव्यात, पण तो खर्च बहुधा खाते करते. निधीने एप्रिलपासूनचे रोज धरावेत. आगी का लागतात, तेही पाहायला हवे. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात. मार्चच्या सुरुवातीला मोहाखालचा पाचोळा झाडून घेण्याची मजुरी त्याच कुटुंबांना दिली किंवा झाडाखाली धरायला जाळी दिली, तर आग विझवण्यापेक्षा स्वस्त पडते.

लहान निधीसाठी सर्वांत चांगला खर्च आमच्या मते रोजंदारी वनमजूर आणि प्राथमिक प्रतिसाद दलातल्या तरुणांचा सामूहिक अपघात विमा. हप्ता थोडा, उपयोग मोठा, आणि कायम सेवेतल्या कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सुविधा या लोकांना क्वचितच असतात.

पाणवठ्यांबद्दल सावध राहा. देणगीदारांना ते फार आवडतात, कारण फोटो मिळतो. पण जागोजागी कृत्रिम पाणी झाले की तृणभक्षी तिथेच थांबतात आणि आसपासचे गवत उरत नाही. व्यवस्थापन आराखड्यात असलेल्या पाणवठ्यांचीच देखभाल घ्या. मे महिन्यात बोअर आटते, वानरे पॅनेल आणि तारा तोडतात, सिमेंटच्या तळाला तडे जातात, हे दरवर्षीचे खर्च आहेत.

इमारती, कमानी, उद्घाटने आणि कायम सरकारी कर्मचाऱ्यांचे पगार यांवर एक रुपयाही नको. उद्यानात नामफलकही नको. सरकार ज्यासाठी पैसे देते तेच तुम्ही दिलेत तर पुढच्या वर्षी सरकारची तरतूद कमी होते आणि जंगलाला जास्त काहीच मिळत नाही.

खात्याशी करार आणि वर्षाचे वेळापत्रक

उद्यानाच्या हद्दीत कोणतेही काम खात्याच्या लेखी परवानगीशिवाय होत नाही. सामंजस्य करार अधिकाऱ्याच्या नावाने नव्हे, पदाच्या नावाने करावा: क्षेत्र संचालक किंवा उपसंचालक, आणि न्यास. मुदत पाच वर्षे. त्यात तीन कलमे हवीतच. काम व्याघ्र संवर्धन आराखड्यात किंवा व्यवस्थापन आराखड्यात बसणारे असेल. निधीचे काम सरकारी तरतुदीच्या जागी नव्हे, तिच्यावर भर म्हणून असेल, आणि त्यासाठी खाते त्या बीटचा (एका वनरक्षकाच्या हद्दीचा) मागील तीन वर्षांचा त्याच कामावरचा खर्च देईल. न्यासाच्या प्रतिनिधीला वर्षातून दोनदा कामाची पाहणी करता येईल.

मजुरी ग्राम परिस्थितीकी विकास समितीमार्फत, थेट मजुराच्या बँक खात्यात द्यावी. हजेरीपटावर वनरक्षकाची सही, यादी ग्रामसभेत वाचलेली. रोखीने वाटलेल्या मजुरीचा हिशेब कितीही प्रामाणिक असला तरी लेखापरीक्षणात टिकत नाही.

परिणाम मोजायला फार खर्च लागत नाही. भारतीय वन सर्वेक्षण उपग्रहावरून दिसलेल्या आगींच्या सूचना देते. व्हीआयआयआरएस संवेदकाचा एक ठिपका साधारण ३७५ मीटरचा असतो. नुसते ठिपके मोजू नका. पाऊस उशिरा थांबला की ते आपोआप कमी होतात आणि श्रेय निधीला जाते. सूचना आल्यापासून माणूस पोहोचेपर्यंतचा वेळ आणि जळालेले हेक्टर मोजा, आणि निधी नसलेल्या शेजारच्या बीटशी ताडून पाहा.

वेळापत्रक असे बसते. ऑक्टोबरमध्ये उपसंचालकांबरोबर बैठक आणि कामांची यादी. डिसेंबरात विश्वस्तांचा ठराव. मार्चअखेर ८५ टक्क्यांचा हिशेब पूर्ण. काम खरोखरच पुढे गेले असेल तर ती रक्कम कारण लिहून, विहित अर्ज भरून पाच वर्षांपर्यंत राखता येते, पण अर्ज मुदतीत भरला तरच. मेमध्ये देणग्यांचे विवरण, सप्टेंबरअखेरच्या आत लेखापरीक्षण अहवाल. विश्वस्त बदलला, वारला किंवा राजीनामा दिला तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल अर्ज. हा राहिला की धर्मादाय कार्यालयातल्या नोंदीच्या परिशिष्टावर जुनीच नावे राहतात, बँक नव्या सह्या घेत नाही आणि ठेव मुदत संपूनही हलवता येत नाही. दोन विश्वस्तांचे बदल अर्ज एकापाठोपाठ प्रलंबित असतील तर वकिलाची फी त्या वर्षीच्या अंगाऱ्यांच्या पैशातून जाते.